पुढच्या खुर्चीतला तोइहिर

तोइहिरचं वय अठ्ठावन्न. दाढी पांढरी, गुडघे दुखरे, मुलगी लग्नाची. तरी फ्रान्सातल्या मार्से शहरातल्या हान्त्सिवाकरांच्या लेखी तो अजून पोरगाच होता.

हान्त्सिवा म्हणजे आफ्रिकेजवळच्या कोमोर बेटांवरचं त्यांचं गाव. गाव समुद्रापलीकडे राहिलं, पण गावाचा कायदा बोटीत बसून मार्सेला आला आणि बंदरापासून वरच्या उत्तरेकडल्या इमारतींत बिऱ्हाड करून राहिला. कायदा असा, की ज्यानं थोरलं लग्न केलं तो पुरा माणूस. आता बायको तर तोइहिरनंही केली होती, तीस वर्षांपूर्वी, चार माणसांत, तासाभरात. ते धाकटं लग्न. थोरलं लग्न म्हणजे त्याच बायकोशी पुन्हा एकदा, गावी जाऊन, सगळ्या गावाला आठ-दहा दिवस जेवू घालून, बैल कापून, सोनं घालून, नाचून. ते ज्याचं झालं त्यानं खांद्यावर भरजरी शेला घ्यायचा, सभेत पुढे बसायचं आणि बोलायचं. ज्याचं झालं नाही त्यानं मागे उभं राहायचं, भात वाढायचा आणि तोंड मिटून ठेवायचं. मग त्याचे केस पिकोत नाहीतर गळोत.

तोइहिरचं राहून गेलं होतं. दर पाच वर्षांनी तो 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणायचा आणि दर पाच वर्षांनी काहीतरी निघायचं. त्यामुळे गावकऱ्यांच्या मंडळाच्या सभेत सागाफ त्याला म्हणायचा, "अरे पोरा, पाणी आण." आणि तोइहिर म्हणायचा, "आणतो, मोठे." सागाफ सेहेचाळीस वर्षांचा होता. एका मोठ्या दुकानाच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासायचा. पण त्याचं थोरलं लग्न बत्तिसाव्या वर्षीच झालं होतं, आणि त्या शेल्याखाली पहारेकऱ्याचा गणवेश कुणाला दिसत नसे.

कायदा मोडला तर काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्होमा नावाच्या एकानं असंच कधीतरी सभेत पुऱ्या माणसांच्या आधी तोंड उघडलं होतं, आणि माफी मागायला नकार दिला होता. मंडळानं त्याला वाळीत टाकलं. त्याचा भाऊ गेला तेव्हा जनाज्याला चौघं आले, त्यातला एक शववाहिनीचा ड्रायव्हर. तोइहिरची आई सत्त्याऐंशीची होती आणि त्याच्याच घरात आतल्या खोलीत पडून असायची. म्होमाच्या भावाचा जनाजा त्यानं खिडकीतून पाहिला होता. तेव्हापासून सभेत त्याला खोकला आला तरी तो बाहेर जाऊन खोकायचा.

स्वभावानंच तो संशयी. त्यात धंद्याची भर. तो शाळेच्या खानावळीत स्वयंपाकी होता. तिथला नियम असा, की रोज जे शिजेल त्यातली एकेक वाटी बाजूला काढायची, झाकण लावून तारीख घालायची आणि पाच दिवस थंड कपाटात ठेवायची. पोरांना काही झालंच तर सरकारी माणूस ती वाटी तपासतो. तिला ते साक्षीची वाटी म्हणत. बावीस वर्षं साक्षीच्या वाट्या भरल्यावर माणसाला सगळ्याच गोष्टींत विष दिसू लागतं. तोइहिर विजेचं बिल दोनदा वाचायचा, फुकट मिळालेली पेन्सिल वाकवून बघायचा. शेजाऱ्यानं गोड हसून दार धरलं तर त्याच्या मागून जिना चढायचा, पुढून नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये सिनेमावाले आले. आले म्हणजे सोलेन नावाची एक किडकिडीत मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र आणि काखेत वही. हसत-खेळत प्रेमाचा सिनेमा आहे म्हणाली. पाववाल्याची गोरी मुलगी आणि कोमोरी नर्स मुलगा. शेवटी लग्न आहे, कोमोरी पद्धतीचं. त्यासाठी खरी माणसं हवीत.

पुढच्या रांगेत सगळे पुरे पुरुष शेले घेऊन बसले होते. सागाफनं घसा साफ केला, शेल्याची भरतकामाची बाजू वर केली. सोलेननं सगळ्यांकडे बघून मान हलवली, हसली, आणि सरळ मागे पातेल्यांकडे चालत आली. तोइहिर पिलाऊचं पातेलं हलवत होता. ती दोन पावलं मागे सरकली, मग दोन पुढे.

"तुमचं नाव?"

"का?"

"तुमचा चेहरा फार सुंदर आहे."

तोइहिरनं पळीचा दांडा पातेल्याच्या काठाला टेकवला आणि तिच्या मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांत हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनं, एशातानंही नाही, आणि तिला तर कारणही होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"नवऱ्या मुलाचे वडील," सोलेन म्हणाली. "अगदी असेच लिहिलेत."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर सागाफनं तिचीही पिशवी तपासली असती, इतकी शांतता झाली.

घरी वाद पेटला. तोइहिरची मुलगी अंझीझा औषधांच्या दुकानात होती आणि तिला सगळ्याच दुखण्यांवर गोळी ठाऊक होती.

"बाबा, आजवर पडद्यावर आपल्यातला कुणी दिसला तर पोलीस त्याच्या मागे धावत असतो. पहिल्यांदा कुणीतरी तुम्हाला बाप करतंय. नवऱ्या मुलाचा बाप, मधोमध, खुर्चीवर बसलेला. आणि तुम्ही म्हणता संशय येतो."

"सात वर्षांपूर्वी टीव्हीवाले आले होते," तोइहिर म्हणाला. "ईदचं जेवण दाखवायचं म्हणाले. दाखवलं. आणि मध्येच पोलीस गाडीचा भोंगा घातला. आपल्या इमारतीत त्या दिवशी गाडी आली होती का?"

"नव्हती आली."

"मग?"

"हे टीव्हीवाले नाहीत. ह्यांना अट असते. सगळ्या रंगांची माणसं असली तरच पैशांची मदत मिळते त्यांना."

"म्हणजे मी अट आहे."

"अट तर अट," एशाता स्वयंपाकघरातून म्हणाली. "तीस वर्षं मला वाटत होतं तू नुसती सबब आहेस."

आतून आईचा आवाज आला. "नवरा मुलगा कोण?"

"पॅरिसचा नट आहे, आजी," अंझीझा म्हणाली. "त्याचे आई-वडील ग्वादलूपचे."

"म्हणजे कोमोरी नाही."

"नाही."

"मुलगा आपला नाही आणि बाप आपला," आई म्हणाली. "आईची काही चौकशी केलीत का कुणी?"

तोइहिरला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. हसलं की होकार समजतात, हा त्याचा अनुभव. तरी तीन दिवसांनी त्यानं होकार दिलाच. अंझीझानं करार आणला. त्यानं तो तीनदा वाचला, एकदा उलटीकडूनही. भोंगा घालणार नाही असं लिहून मागितलं. सोलेननं लिहून दिलं आणि ते लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तर तोइहिरला आणखीच संशयास्पद वाटलं.

कपड्यांची मापं घ्यायला त्याला एका जुन्या गोदामात बोलावलं. लांब पांढरा झगा, काळा डगला, आणि वर शेला. शेला बघून त्याचा जीव भांड्यात पडला, कारण तो शेला नव्हताच. कुठल्याशा पडद्याचं कापड होतं, जाड, मरून रंगाचं, त्याला सोनेरी झालर शिवलेली आणि भरतकाम भलत्याच खांद्यावर आलेलं. खरा शेला बघितलेल्या कुणीही तो खिडकीला लावला असता.

"हा चालेल ना?" कपडेवाल्या मुलीनं विचारलं.

"उत्तम," तोइहिर म्हणाला.

तिनं त्याला आरशासमोर उभं केलं आणि कडा टाचायला वाकली. तोइहिरनं वर पाहिलं. आरशात एक पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता, खांद्यावर शेला. वडील असेच दिसायचे. गावच्या चौकात, दगडी बाकावर, पुढच्या रांगेत. पडदा आहे हे तोइहिरला माहीत होतं, पण आरशाला माहीत नव्हतं. त्याच्या नकळत चेहरा सैल पडला आणि तो हसला, सगळे दात दाखवून.

क्लिक.

"कशाला फोटो?"

"मापासाठी," मुलगी म्हणाली आणि एक चिठ्ठी पुढे केली. तोइहिरनं त्या दिवशी पहिल्यांदा एक कागद न वाचता सही केली. आरशातला माणूस अजून त्याच्या डोळ्यांत होता.

मंडळाची सभा बसली तेव्हा विषय एकच होता. बोलायचं पुऱ्या माणसांनी. तोइहिर भिंतीला टेकून उभा. त्याच्या बाजूनं बोलायला त्यानं आपल्या मामेभावाला आदल्या दिवशीच गळ घालून ठेवली होती, कारण स्वतःची बाजू स्वतः मांडायचा त्याला हक्क नव्हता.

"सगळे शेले सोडून बाई पातेल्याकडे गेली," सागाफ म्हणाला. "असं आपोआप होत नाही. कुणीतरी आधी जाऊन भेटलंय."

मामेभाऊ म्हणाला, "कुणी भेटलं नाही. आणि शेला खोटा आहे. तो म्हणतो, पडदा आहे."

"पडदा?"

"पडदा. झालर लावलेला."

सागाफनं बराच वेळ दाढी कुरवाळली. पडदा कुणीही अंगावर घ्यावा, गावाची त्याला हरकत असायचं कारण नाही, असं शेवटी ठरलं. अटी दोन. खरा शेला खांद्याला लागता कामा नये. आणि पुरे लोक बसलेले असताना त्यानं तोंड उघडता कामा नये.

"पण त्याला एक वाक्य आहे," मामेभाऊ म्हणाला. "मुलीला म्हणायचंय, ये बाळ, हे तुझंच घर."

"सभेत?"

"सभा नाही हो, सिनेमा आहे."

"माणसं तीच ना? आम्हीच बसणार ना मागे पाहुणे म्हणून?" सागाफला 'मागे' हा शब्द उच्चारताना त्रास झाला. "मग सभाच. त्याला म्हणावं, वाक्य कॅमेऱ्याला एकट्याला ऐकव. आम्ही गेल्यावर."

तोइहिरनं भिंतीशी मान डोलावली. मग सोलेनला जाऊन विनवलं, की वाक्य वेगळं घ्या, माणसं नसताना. का ते सांगितलं नाही. घरच्या गोष्टी परक्याला सांगायच्या नसतात, हे टीव्हीवाल्यांनी त्याला शिकवलं होतं. सोलेनला वाटलं तो लाजाळू आहे. तिनं वहीत तसं लिहूनही घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते सोलेनच्या चांगुलपणामुळे. तिनं कुठल्याशा विद्यापीठातल्या जाणत्या बाईला कपड्यांचे फोटो दाखवले. जाणत्या बाईनं कपाळाला हात लावला. हा कसला शेला, म्हणाली, ही त्या लोकांची थट्टा आहे, हे असं दाखवाल तर बोंब होईल. सोलेन रात्रभर झोपली नाही. सकाळी ती हान्त्सिवाच्या बायकांकडे गेली, झाल्या चुकीची माफी मागितली, आणि एक खराखुरा शेला मागून आणला. कोणाचा? तर सागाफच्या बायकोनं त्याचा थोरल्या लग्नाचा शेला पेटीतून काढून दिला. तिला वाटलं, तो तिच्या नवऱ्यालाच घालणार.

चित्रीकरण समुद्राकाठच्या एका हॉलमध्ये सकाळी नऊला होतं. एप्रिलचं ऊन, बोचरा वारा, दाराशी पाववाल्याची गोरी मुलगी म्हणजे नटी, खांद्यावर कोट टाकून कॉफी पीत उभी. कपडेवाल्या मुलीनं तोइहिरला झगा चढवला, डगला चढवला, आणि मग नव्या पिशवीतून शेला काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याला वजनावरूनच कळलं.

"हा कुठला?"

"खरा," ती आनंदानं म्हणाली. "आम्ही चूक सुधारली."

तोइहिरनं कापड बोटांत धरून पाहिलं. त्याला वाटलं हा सापळा आहे. कुणाचा ते कळेना. सागाफचा, का सोलेनचा, का दोघांनी मिळून रचला. काढायला हात वर नेला, तेवढ्यात दिग्दर्शिका बाईनं त्याला दंडाला धरून नेलं आणि मधोमध खुर्चीवर बसवलं. मखमली खुर्ची, सगळ्यांच्या पुढे.

मग पाहुणे आत आले. हान्त्सिवाचे चाळीस पुरे पुरुष, आपापले शेले घेऊन. सोलेननं त्यांना मागच्या तीन रांगा दाखवल्या. सागाफ सगळ्यांत पुढे होता. त्यानं पुढच्या खुर्चीतला तोइहिर पाहिला. त्याच्या खांद्यावरचा शेला पाहिला. आपलाच शेला माणूस गर्दीतही ओळखतो.

सागाफ बसला नाही. मग कुणीच बसला नाही.

"बसा, बसा," बाई म्हणाली.

चाळीस माणसं उभी. मागे नटी, दिवेवाले, आवाजवाले, सगळे थांबले.

"खुर्च्या कमी आहेत का? सोलेन, ह्यांना सांग ना बसायला." सोलेननं सांगितलं. कुणी हललं नाही. चाळीस जणांतला एकही कारण सांगेना, कारण पोराच्या अपराधाचं कारण पुऱ्या माणसांनी परक्यांना का द्यावं? सांगू शकला असता एकटा तोइहिर. आणि त्यालाच त्यांच्यासमोर बोलायची बंदी.

बाई त्याच्याजवळ आली, वाकली. "तुम्ही इथले ज्येष्ठ ना? तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगा त्यांना."

तोइहिरनं मागच्या रांगांकडे पाहिलं. त्याला म्होमाच्या भावाचा जनाजा दिसला, वरून, खिडकीतून दिसला होता तसा. चार डोकी. मग आतल्या खोलीत पडलेली आई दिसली, मुलगा आपला नाही आणि बाप आपला म्हणणारी. एक शब्द जरी तो बोलला असता, साधा 'बसा' एवढाच, तरी तिच्या जनाज्याला खांदे कमी पडले असते.

तो उठला. शेला खांद्यावरून काढला, चौपदरी घडी केली, भरतकाम आत, जसा काढणाऱ्यानं द्यायचा असतो तसा. चालत सागाफपाशी गेला, खाली बघत दोन्ही हातांवर तो पुढे केला. सागाफनं घेतला. मग तोइहिर हॉलच्या टोकाला गेला. तिथं सजावटीला पिलाऊची मोठी थाळी मांडली होती. भात गार होता, वर नकली वेलदोडे. त्यानं थाळी उचलली आणि पहिल्या रांगेसमोर वाढायला उभा राहिला.

सागाफ पुढच्या खुर्चीवर जाऊन बसला. चाळीसच्या चाळीस बसले, खुर्च्यांचा एकच आवाज झाला.

"हे घेतलंत का? घेतलंत ना हे?" बाई कॅमेरावाल्याला विचारत होती. तिला कशाचा काही अर्थ लागला नव्हता, पण तिचे डोळे चमकत होते. कॅमेरावाल्यानं घेतलं होतं.

मग नवऱ्या मुलाचे वडील सागाफच झाले. नटी आत आली, लाजली, खाली वाकली. सागाफला वाक्य सांगितलं होतं, ये बाळ, हे तुझंच घर. पण सभेत पुढे बसलेल्या पुऱ्या माणसानं सुनेचं स्वागत करायचं म्हणजे आधी आजोबांपासून वंशावळ येते, मग गावच्या मशिदीचा इतिहास, मग त्याच्या लग्नात किती बैल पडले ते. सागाफ एकोणीस मिनिटं बोलला. नटीचे गुडघे थरथरायला लागले. हे सगळं हान्त्सिवाकरांनी गंभीरपणे ऐकलं, आणि थाळी घेऊन उभ्या असलेल्या तोइहिरनंही ऐकलं. भात मात्र कुणी खाल्ला नाही. नकली वेलदोड्यांबद्दल त्यानं सगळ्यांना डोळ्यांनीच सावध केलं होतं.

घरी अंझीझा त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली.

"खुर्ची दिली होती, बाबा. आणि तुम्ही थाळी उचललीत. आता सगळं फ्रान्स बघणार, आणखी एक काळा माणूस, हातात थाळी."

"आपल्यात थाळी..."

"आपल्यात काय ते मला माहीत आहे. तिकडे अंधारात बसलेल्या माणसाला कुठे माहीत आहे? त्याला वेटर दिसणार."

ती चुकीचं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती. दोन्ही बाजूंचा कायदा एकाच थाळीत पडला होता, आणि ती त्यानं आपल्या हातांनी धरली होती. गप्प राहण्यात त्याचा हात धरणारं मार्सेत कुणी नव्हतं.

सोलेनचा एकदा फोन आला. आभार मानले. शेला घडी करून देत त्यानं जो निरोप घेतला, त्यानं सगळे भारावून गेलेत, म्हणाली. कुठला निरोप, हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

उन्हाळा गेला. सप्टेंबरात शाळा उघडली. दुसऱ्या आठवड्यात तोइहिर सकाळी बसथांब्यावर आला आणि स्वतःला भेटला.

काचेमागे सिनेमाचं भलंमोठं चित्र लावलं होतं. मध्ये पाववाल्याची मुलगी आणि पॅरिसचा मुलगा, हातात एकच लांब पाव, दोन बाजूंनी चावलेला. आणि त्यांच्या मागे, दोघांपेक्षा मोठा, आभाळभर पसरलेला तोइहिर. अंगावर झगा, डगला, खांद्यावर शेला. आणि तोंडभर हसू. मापासाठी.

दोन बसगाड्या निघून गेल्या. तिसरीत तो चढला. पुढच्या थांब्यावरही तोच, त्याच्या पुढच्याही. शाळेपर्यंत अकरा थांबे होते. सगळीकडे तो पुऱ्या माणसाच्या वेषात हसत होता. त्या दिवशी खानावळीतल्या पोरांनी सूप पिताना त्याला सलाम ठोकले. त्यानं सुपाची साक्षीची वाटी भरली आणि तारीख चुकीची घातली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तो पडदा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण लांबून शेलाच दिसायचा, आणि तो घातल्याचा पुरावा आता चौकाचौकांत होता. त्याहून वाईट म्हणजे हसू. शेला चढवला कुणी, तर सिनेमावाल्यांनी, असं म्हणता आलं असतं. हसू कुणी चढवलं? कुणीही बघितलं असतं तरी कळलं असतं, की हा माणूस जन्मभर ह्याच कापडाची वाट बघत होता.

आठवडाभर मंडळातून ना फोन, ना निरोप. जिन्यात भेटणारे हान्त्सिवाकर मान हलवून पुढे जायचे. म्होमाच्या वेळीही आधी असंच झालं होतं.

शुक्रवारी दुपारी तो घरी परतला. लिफ्ट बंद. सहा मजले चढून वर आला आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावर थांबला. त्याच्या दाराबाहेर चपला-बूट होते. पुरुषांचे. एक, दोन, पाच, सात जोड. सात पुरे पुरुष घरात बोलावल्याशिवाय दोनच कारणांनी येतात. एक तर वाळीत टाकल्याचं सांगायला. नाहीतर...

"आई," तो मोठ्यानं म्हणाला आणि शेवटच्या पायऱ्या दोनदोन करत चढला.

एशातानं दार उघडलं. डोळे कोरडे होते. आतल्या खोलीतून आईचा आवाज येत होता. ती सागाफला त्याच्या आजोबांची काहीतरी लाजिरवाणी गोष्ट सांगत होती. तोइहिरनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"कधीपासून बसलेत?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"तासभर. कशाला आलेत ते सांगत नाहीत. तुझी वाट बघतायत," एशाता म्हणाली. "तुझं तोंड आधी पूस."

आत सातजण आईच्या पलंगाभोवती चटईवर बसले होते. सागाफनं त्याला पाहिलं.

"ये पोरा. बस."

बस म्हटल्यावर तोइहिर दाराशी टेकला. हे त्याला ठीक वाटेना. पुरे लोक पोराला बस म्हणतात ते पाय कापायचे असले म्हणजेच.

सागाफनं खिशातून फोन काढला. त्यात बसथांब्यावरच्या चित्राचा फोटो होता. त्यानं तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. "आम्ही सगळे जाऊन बघून आलो. जवळून. काचेला नाक लावून. थांब्यावरच्या बाईला वाटलं आम्ही काच फोडतोय." त्यानं बोट टेकवलं. "भरतकाम भलत्याच, डाव्या खांद्यावर आहे. ही झालर. हा तोच पडदा."

"पडदाच," बाकीच्यांनी दुजोरा दिला.

"त्या दिवशी खरा खांद्याला लागला, तो तू आपण होऊन काढलास. हे चाळीस जणांनी पाहिलं. आणि तोंड उघडलं नाहीस. ती बाई तुला बोल बोल म्हणत होती, हेही पाहिलं." सागाफ थांबला. फोटो जरा बाजूला सरकवला. तिथे चित्राच्या कोपऱ्यात, पाववाल्याच्या मुलीच्या कोपराखाली, कुणाचा तरी अर्धा कान दिसत होता. "हा मी आहे," तो म्हणाला. "एकोणीस मिनिटं बोललो आणि कान घेतला."

कुणी हसलं नाही. आई हसली.

"तेव्हा गावाची हरकत नाही," सागाफ म्हणाला. मग फोटो पुन्हा मधोमध आणला. "पण एक विचारायचं होतं. हसतोयस कशाला?"

तोइहिरनं उत्तर तयारच ठेवलं होतं, आठवडाभर. "टाचणी टोचली, मोठे. कपडेवालीनं टाचणी टोचली."

सागाफनं फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. दुकानाच्या दारात पिशवी तपासताना तो असाच बघायचा, आणि पिशवीत काय आहे ते त्याला उघडण्याआधी कळायचं, असं म्हणत.

"टाचणी," तो म्हणाला.

"हो."

"बरं." त्यानं फोन खिशात टाकला. "भूक लागलीय. काय आहे?"

तोइहिर उठला. स्वयंपाकघरात एशातानं पिलाऊ टाकलाच होता. त्यानं थाळी भरली, आत नेली, सातजणांपुढे ठेवली, पाण्याचा तांब्या फिरवला, हात धुवायला भांडं धरलं. ते सगळे जेवले. आईला सागाफनं स्वतःच्या हातानं दोन घास भरवले. तिनं मीठ कमी आहे म्हटलं. ज्यांच्या घराला वाळीत टाकायचं असतं त्यांच्याकडे कुणी जेवत नाही, हे तोइहिरला कळत होतं. तरी तो दाराशी उभा राहून प्रत्येकानं खरंच गिळलं का ते बघत होता.

जाताना सागाफ बूट घालायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात गावी जातोयस का?"

"बघू, मोठे."

"बघ. ते हसू फुकट जायला नको."

सात जोड बूट जिना उतरून गेले. तोइहिरनं दार लावलं, कडी घातली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं एक लहान वाटी घेतली, थाळीतला उरलेला पिलाऊ तिच्यात काढला, झाकण लावलं, कागदाची पट्टी चिकटवून आजची तारीख घातली आणि खाली सातही जणांची नावं लिहिली.

"हे काय आता?" एशातानं विचारलं.

"साक्षीला," तो म्हणाला आणि वाटी फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवली.